माचाणावरची दुर्बीण

मागल्या हंगामात कापसातली सरकी काढायच्या जिनातली एक गंजी जळाली. कापसाची आग लाकडासारखी भडकून उठत नाही. ती पोटात शिरते, आतल्या आत धुमसत राहते, आणि धूर बाहेर येईपर्यंत गंजीचं काळीज कधीच जळून गेलेलं असतं. ती गंजी पार मागच्या कुंपणाशी होती. समोर बैलबंड्या खाली होत होत्या, मधे रेच्यांवर सरकी वेगळी होत होती, पहारेकरी फाटकाशी तंबाखू मळत होता, आणि मागे कापूस जळत होता. देवमन हमालानं त्या दिवशी ओलं पोतं अंगावर घेऊन जळता कापूस फावड्यानं ओढून काढला. डाव्या हाताची कातडी त्या वेळी गेली ती गुलाबी होऊनच परत आली.

अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला हे जिन. आवार एवढं मोठं की फाटकातून हाक मारली तर मागच्या कुंपणापर्यंत नुसता सूर पोचायचा, शब्द वाटेतच सांडायचे. आग विझल्यावर मालकानं मॅनेजर केशवरावांना सांगून टाकलं, "पुन्हा असं झालं तर मी रेचे विकून मोकळा होतो." रेचे विकले म्हणजे आसपासच्या वस्त्यांतल्या चुली थंड. देवमन तिथं गाठी उचलायचा, त्याची बायको मैना रेच्यावर कापूस लावायची. घरात तिसरा म्हातारा मोतीराम, देवमनचा बाप. तिघांचंही पोट त्या आवाराला बांधलेलं.

केशवरावांनी आधी चार कोपऱ्यांत चार माणसं ठेवून पाहिली. एक डुलक्या घ्यायचा, दुसरा गप्पा मारायला तिसऱ्याकडे जायचा. मग ते कुठूनसे लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातून दोन दुर्बिणी घेऊन आले. तणसात गुंडाळलेल्या, लाकडी पेट्यांतल्या. सोबत अमरावतीच्या राजापेठेतला सहदेव मिस्त्री. घड्याळं, शिवणयंत्रं, सिनेमाची मशीन, काहीही दुरुस्त करणारा, वाळक्या अंगाचा, सतत कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस.

"दोनातली एक ठेवाची," सहदेव म्हणाला. "देवमन, तू पाह्य. तुही नजर चांगली म्हनतेत."

पहिली दुर्बीण माणसाच्या हाताहून लांब. ती बंडीच्या साट्यावर टेकवली. देवमननं डोळा लावला.

"काय दिसते?"

"कायी नाई. पांढरं पांढरं."

त्यानं नळी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. आभाळ आलं, पत्रा आला, पुन्हा आभाळ. आणि एकाएकी तो ओरडला, "बापा! कावया हाये! चोच उघडी हाये त्याची, जीभ दिसून रायली!" धुराड्यावरचा कावळा. बाकीच्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर तिथं एक ठिपका होता. पण तो ठिपका उडाला, आणि देवमनला तो पुन्हा काही गवसला नाही.

दुसरी आखूड, जाड, तीन पायांच्या लोखंडी घोडीवर बसवलेली. तिला दोन चाकं होती. एक फिरवलं की तोंड डावीउजवीकडे वळायचं, दुसरं फिरवलं की खाली वाकायचं, वर उठायचं. पुढच्या टोकाशी कडी होती. कडी सैल ठेवली तर अख्खं मागचं आवार एका वेळी डोळ्यात मावायचं. देवमननं कडी आवळत आवळत नेली आणि झटकन मागे सरला. हात पुढे केलेला, जसं काही अंगावर येतंय.

"गंजी आली ना भाऊ अंगावर!"

हमाल हसले. मग एकेकानं डोळा लावला, आणि जो लावायचा तो पुन्हा रांगेत मागे जाऊन उभा राहायचा.

"हेच ठेवा साहेब," सहदेव म्हणाला. "ते लंबी दुरचं दाखवते खरं, पन सापडतच नाई. आपल्याले आंधी सापडलं पाह्यजे, मंग जवळ आनलं पाह्यजे."

केशवरावांनी मान डोलावली. त्यांनी स्वतः डोळा लावला होता, आणि चष्मा परत चढवायचं त्यांना बराच वेळ सुचलं नव्हतं.

आता ती बसवायची कुठं? केशवरावांचं मत पाण्याच्या टाकीवर. उंच जागा तयारच आहे. तिथं नेऊन पाहिली. गाठी दाबायचं प्रेस सुरू झालं तशी टाकीची लोखंडी तंगडी थरथरली. नुसत्या माणसाला ती थरथर कळली नसती, पण दुर्बिणीत सगळं आवार तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखं नाचायला लागलं. मग वेगळं माचाण करायचं ठरलं. प्रेसपासून दूर, आणि पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे कामाच्या ऐन भरात, दुपारनंतर, सूर्य पाठीशी राहील. "याच्यातून सुर्व्याकडे पाह्यलं तं डोया गेला म्हनून समजा," सहदेवनं सगळ्यांना दोनदा बजावलं.

खड्डे खणायचं काम देवमनकडे आलं. काळी माती. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते; तिच्यावर रोवलेलं काही सरळ राहत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं होतं. सकाळच्या गारठ्यात माती कुदळीला चिकटायची, प्रत्येक घावागणिक हातानं निपटून काढावी लागायची. दुपारी तीच माती वाळून अंगावर पापुद्रे धरायची. देवमन खड्ड्यात उतरला की आधी कमरेपर्यंत दिसायचा, मग खांद्यापर्यंत, मग नुसती कुदळीची चमक. शेवटी एका घावाला वेगळा आवाज आला, करकरीत. त्यानं पिवळा मुरूम मुठीत घेऊन वर दाखवला.

मेळघाटातल्या सागाच्या बल्ल्या उभ्या राहिल्या, वर फळ्यांचं माचाण झालं, आणि दुर्बीण वर न्यायचा दिवस आला. सहदेवला दोर-कप्पीचा भरवसा वाटेना. दोर हिसकला, दुर्बीण बल्लीवर आपटली, तर काच गेली. "पाठीवर न्या लागन."

मैनानं घरून गोधडी आणली. त्या गोधडीत दुर्बीण गुंडाळून देवमनच्या पाठीशी बांधली, लेकरू बांधतात तशी. मैनानं गाठ ओढून पाहिली.

"पाय पाहून टाका," ती म्हणाली.

शिडी चढताना भाजल्या हाताची कातडी ताणून दुखत होती. गाठ उचलताना जो जोर लावायचा तो इथं उपयोगाचा नव्हता. इथं हळू जायचं होतं. पाठीवरचं वजन श्वासागणिक थोडं हलायचं, आणि प्रत्येक वेळी खालच्या बाया, हमाल झेलायला हात वर करायचे. वर फळीवर टेकला तसा त्यानं आधी मागे हात नेऊन गोधडी चाचपली.

सहदेवनं परातीत पाणी घालून पातळी पाहिली, घोडीखाली पाचरी मारल्या, नट आवळले. मग घाम पुसून म्हणाला, "पाह्य गा. तूच आनली, तूच पाह्य पह्यले."

देवमननं चाक फिरवलं. आवार वळलं. त्याला वाटलं, आपण बसल्या जागी आहोत आणि सगळं जिनच आपल्यापुढून जातंय. गंज्या आल्या, पांढऱ्या, उन्हात डोळे दिपवणाऱ्या. गंज्यांच्या मागची बाजू आली, जिथं आग लागली होती. बंड्या आल्या. एका बैलाच्या डोळ्याखाली पाण्याचा ओघळ होता, त्यावर बसलेली माशी होती, माशीचे पाय होते. त्यानं अजून चाक फिरवलं. दुपारी बाया भाकर खायला बसतात ती मांडवी आली, आणि मांडवीत, बाकीच्यांपासून जरा दूर, मैना आली.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आपल्याला कोणी पाहत नाही असं समजून बसलेली मैना त्यानं कधी पाहिली नव्हती. डोक्याला, भुवयांना रुई चिकटलेली. ती भाकर नुसती हातात धरून बसली होती. मग तिचे खांदे हलायला लागले. आवाज येत नव्हता. ती वाकली, खोकत राहिली, पदर तोंडाला लावला. पदराकडे तिनं पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि तेवढा भाग आत दुमडून कमरेला खोचला.

"काय झालं?" सहदेवनं विचारलं.

"कायी नाई," देवमन म्हणाला. पण त्याचा डोळा काचेवरून हलेना.

तेवढ्यात केशवराव वर आले. कामावर खूश होते. "देवमन, तूच बस इथं. तुमच्या घरात राखणदारी पिढीजात आहेच की."

ते वाईट हेतूनं बोलले नव्हते. पण देवमनच्या कानाची पाळी तापली. "बाले इचारून सांगतो," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी चुलीपुढे त्यानं बापाला सांगितलं. मोतीराम गावचा जागल्या होता. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि त्यानं जागल्याची काठी आपल्या हातानं चुलीत सारली होती.

"पिढीजात म्हने?" म्हातारा म्हणाला. "सांग त्याले, ते पिढी संपली."

देवमननं मान हलवली. मग मैनाकडे न बघता म्हणाला, "कवापासून खोकून रायली तू?"

मैनाचा हात काठवटीत थांबला. "कोन सांगतलं?"

"मी पाह्यलं. पदरबी पाह्यला."

"तिकून? माचानावरून?"

"तू जवळ होती. हात लांबवला असता तं लागली असती."

मैना पीठ मळत राहिली. "मंग मानसानं एकटं बसाव कुठं?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "खरंच एवढं दिसते?"

"माशीचे पाय दिसते."

दवाखान्याचं तिनं टाळलं. हंगाम चालू आहे, रेचा सोडला तर जागा जाईल, म्हणाली.

देवमन नाही म्हणाला, तसा माचाणावर खुशालराव बसला. तो मुकादमाचा नातेवाईक, घरी थोडी शेती, अंगानं थोराड आणि तोंडाचा सैल. पहिले काही दिवस त्यानं गंज्या पाहिल्या. मग त्याला कळलं की गंजी काही हलत नाही. एका दुपारी तो खाली उतरला आणि रेच्यावरच्या सुभद्राला सगळ्यांसमोर म्हणाला, "काय व, चोयीले ठिगळ हिरवं काहून लावलं? लालच्याले लाल लावाव ना." ठिगळ काखेत होतं. सुभद्रानं पदर काखेवर ओढला. दुसऱ्या दिवशी जाईबाईला त्यानं विचारलं, लेकरू डाव्याच अंगाले काहून पाजते? जाईबाई रडतच रेच्याकडे गेली.

तिसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि बाया उठल्याच नाहीत. मांडवीत बसून राहिल्या, पाठ माचाणाकडे करून. रेचे रिकामे फिरायला लागले. मुकादमानं शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. शेवटी केशवराव आले.

मैना उभी राहिली. "साहेब, कापूस पाहासाठी आनली ना ते? मंग कापूस पाहा. आमाले काहून पाहाता?"

"खुशालरावाला मी ताकीद देतो, बाई."

"ताकीद देल्ली आन् तो उतरला, तं दुसरा बसन. डोया तं तोच राहीन."

केशवरावांनी माचाणाकडे पाहिलं. "पण दुर्बीण फिरणारी आहे. फिरली तर मांडवी येणारच."

"मले पाहू द्या," मैना म्हणाली. "काय येते, काय नाई, ते आमचं आमी पाहातो."

बाईमाणूस शिडी चढणार म्हणून हमाल हातातलं काम टाकून उभे राहिले. देवमन शिडीच्या पायथ्याशी आला. मैनानं काष्टा घट्ट केला आणि चढायला लागली. वाटेत दोनदा थांबली. खाली सगळ्यांना वाटलं घाबरली, देवमनला माहीत होतं तिला श्वास पुरत नाही. सहदेव प्रेसच्या दुरुस्तीला आलेला होता, तो आधीच वर गेला होता. त्यानं तिला चाकं, कडी दाखवली.

मैनानं डोळा लावला आणि दोन्ही हातांनी घोडी धरली.

जाईबाई होती, मैना चढली तशी माचाणाकडे तोंड फिरवून बसलेली. लेकरू पाजत होती. लेकराच्या ओठाशी दुधाचा एक थेंब अडकला होता, त्यात उजेड होता. मैनानं बोट पुढे केलं, पुसायला. बोट हवेत फिरलं. जाईबाईनं मान वर करून सरळ तिच्याकडे पाहिलं, आणि तिला काहीच दिसलं नाही. तिनं जांभई दिली.

"माय व," मैना पुटपुटली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि काच धुरकटली. सहदेवनं फडक्यानं काच पुसली. "एवढ्या जवळ मी माह्या मायलेबी नाई पाह्यलं, मिस्त्री."

मग तिनं नाक ओढलं आणि कामाला लागली. मांडवीचा पहिला खांब दिसेनासा झाला तिथं चाक थांबवलं. "इथून." सहदेवनं माचाणाच्या कठड्यावर पेन्सिलीनं खूण केली. "तेवढ्यात पत्रा ठोका. दुर्बीन फिरली तरी पत्राच पुढं आला पाह्यजे. मागं भिंतच हाये, कापूस नाई तिथं." दुसऱ्या टोकाची खूण करायला ती चाक फिरवत गेली. हात अजून बसला नव्हता; चाक जास्तच फिरलं. मांडवी गेली, भिंत गेली, मागच्या कुंपणाजवळची गंजी आली.

ती थांबली.

"मिस्त्री, हिवाळ्यात बैलाच्या तोंडातून वाफ निंघते ना, तशी निंघून रायली. पन बैल तं नाई तिथं."

सहदेवनं डोळा लावला आणि खाली वाकून ओरडला, "आग!"

घंटा झाली. देवमन आणि हमाल फावडी, ओली पोती घेऊन धावले. पण खालून त्यांना काहीच दिसेना. गंजी समोर पांढरी शुभ्र, शांत उभी. धूर इतका बारीक की उन्हात विरून जायचा. त्यांनी माचाणाकडे पाहिलं. मैना डोळा काचेला लावूनच बोलत होती, आणि केशवराव अर्ध्या शिडीवर उभे राहून तिचे शब्द हातवाऱ्यांनी पुढे पोचवत होते. उजवीकडे. अजून उजवीकडे. वर. हात घाल.

देवमननं कोपरापर्यंत हात घातला. आत चटका बसला.

ओढून काढला तो टोपलंभर काळा कापूस. आतून लालसर, पाखराच्या घरट्याएवढा पोकळ. त्यावर पाणी ओतलं, वास सुटला, झालं. कोण्या बंडीवाल्याची बिडी होती की उडालेली ठिणगी, कधी कळलं नाही. बाकी गंजीच्या एका बोंडालाही डाग लागला नाही. हमाल बराच वेळ तिथंच उभे होते. ते कधी त्या काळ्या टोपल्याकडे पाहायचे, कधी इतक्या दूरच्या माचाणाकडे, जिथं एक निळं लुगडं वाऱ्यात हलत होतं.

पत्रा दुसऱ्या दिवशी ठोकला गेला. बाया रेच्यावर गेल्या. मैना मात्र गेली नाही. देवमननं तिचं काही न ऐकता तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली, फोटो काढला. टीबी नव्हता. पण आत रुईनं घर केलं होतं. "रेच्यावर पुन्हा जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. "मोकळ्या हवेत राहा."

परतताना बसमधे, मोकळी हवा कुठल्या कामात असते, याचा दोघंही विचार करत होते. जिनाच्या फाटकाशी बस थांबली तशी मैना उतरली आणि सरळ केशवरावांच्या खोलीपुढे जाऊन उभी राहिली.

"माचानावर मी बसतो, साहेब."

खुशालराव तिथंच होता. "बाईमानूस? आन् तेबी..." त्यानं पुढचा शब्द गिळला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

केशवराव मैनाकडे पाहत होते. "तू बसलीस तर बरंच होईल," ते म्हणाले. "पण घरी विचार. मागे मी देवमनला बोललो ते चुकीचं बोललो."

घरी मोतीराम अंगणात बसला होता. मैनानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "मामाजी, माचानावर मी जाऊ का? तुमी नाई म्हनसान तं नाई जात."

म्हातारा पाणी प्यायला. तोंड पुसलं.

"मी साऱ्या गावाले जागलो, बाई," तो म्हणाला. "पन नजर खाली. पाटलाच्या दारावरून जाचं तं जमीन पाहून जाचं. राखनदार म्हनेत, आन् डोये वर कराची बंदी. भिंतीले कान लावून चोर वयखत होतो मी." त्यानं तांब्या खाली ठेवला. "तुले तिथं खाली पाहा लागते का कोनासमोर?"

"नाई मामाजी. तिथं सारेच खाली दिसते."

मोतीराम हसला. त्याला हसताना देवमननं फार दिवसांनी पाहिलं. "मंग जाय. पगार ठरवून घे, आन् जाय."

मैना माचाणावर बसायला लागली. आधी खोकला कमी झाला, मग रात्रीचा थांबला. संक्रांतीनंतर तिच्या गालांवर थोडा रंग आला. ती सकाळी चढायची तेव्हा आता वाटेत एकदाच थांबायची.

एका दुपारी देवमन आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला गाठी लावत होता. ऊन चढलं होतं. पाठीवरची गाठ टेकवून तो सरळ झाला, आणि त्याच्या मानेवर काहीतरी आल्यासारखं वाटलं. त्यानं वळून पाहिलं. माचाण लांब होतं. त्यावर माणूस असेल तर एक ठिपका, आणि ठिपक्यापुढे एक बारीक काळी रेघ. रेघेचं तोंड त्याच्याकडे होतं.

ती आपल्याला किती जवळून पाहत असेल ते त्याला माहीत होतं. घामाचे ओघळ दिसत असतील, दाढीतली रुई दिसत असेल. तो थोडा लाजला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मग त्यानं आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "भाकर खाल्ली का?"

वाऱ्यावर एक रुईचा पुंजका त्यांच्या मधून गेला.

माचाणावरची काळी रेघ हळूच खाली झुकली, आणि परत वर आली.